बरडावरचा मांडव

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या पट्ट्यात आमची नऊ एकर जमीन आहे. साडेसात एकर काळी, आणि रस्त्याच्या कडेचं दीड एकर मुरमाड बरड. त्या बरडावर माझ्या लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही कुळीथ फेकायचो, पुढे तेही बंद केलं. आज घरात येणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त पैसा त्या बरडावरून येतो, ती जागा लग्नकार्यांना भाड्याने देऊन. गेल्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या गावांतल्या बायका फोन करून विचारतात, "ताई, आम्हालाही असं काही सुरू करायचंय, काय काय लागतं?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात लग्नांनी झाली नाही, हुरड्याने झाली. २०१८ च्या जानेवारीत धाकटे दीर पुण्याहून त्यांच्या कंपनीतली बावीस माणसं घेऊन आले. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बांधाजवळ खड्डा घेऊन गोवऱ्यांची आगटी पेटवली. आच बसल्यावर गरम राखेत कणसं खुपसायची, दाणे फुलले की काढायची आणि गरम असतानाच गोणपाटावर चोळायची. हे काम आबा अजून स्वतःच करतात. त्यांचे तळहात इतके सरावले आहेत की वाफ निघणारं कणीस ते सहज धरतात. सुपात पाखडून हिरवेगार मऊ दाणे समोर आले की सोबत शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याची चटणी, गूळ, दही. दुपारी पिठलं-भाकरी. जाताना त्यांच्यातल्या एका बाईंनी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातात पैसे ठेवले. आईंनी ते परत दिले आणि म्हणाल्या, "पाव्हण्याकडून पैसे घेत्यात व्हय?"

पैसे घ्यायला मनाची तयारी व्हायला आम्हाला एक वर्ष लागलं. पुढच्या हंगामात माणशी दर ठरवला. तेव्हाही आई मोजून घ्यायला तयार नव्हत्या, तो हिशोब माझ्याकडे आला.

हुरड्यात खरा अभ्यास पेरणीचा आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. कणीस हुरड्यात येतं आणि आठ-दहा दिवसांत निबर होऊन जातं. सगळं रान एकदम पेरलं तर दोनच शनिवार-रविवार हाती लागतात. म्हणून आम्ही दहा-दहा गुंठ्यांचे चार तुकडे पाडले आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरायला लागलो. नाताळच्या सुट्टीत हुरडा मिळावा म्हणून पहिल्या वर्षी मी हट्टाने पहिला तुकडा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायला लावला. खोडमाशीने तो पार खाल्ला. निम्म्या रोपांचे पोंगे, म्हणजे मधले कोंब, मेले. आबा एक शब्द बोलले नाहीत, पण मला ते रोज सकाळी त्या तुकड्यातून चालत जाताना दिसायचे. तेव्हापासून १५ सप्टेंबरच्या आत आम्ही तिफण बाहेर काढत नाही. गूळभेंडी आणि सुरती हे दोन्ही घरचं बी, आणि राहुरीच्या विद्यापीठाचं फुले उत्तरा एका तुकड्यात. गूळभेंडी चवीला सगळ्यांत गोड, पण पाखरांनाही तीच आवडते. त्या तुकड्यावर जाळी टाकावी लागते, नाहीतर पहाटेपासून माणूस राखणीला.

२०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. टाळेबंदीत हंगाम गेला होता, पण तेवढ्या वेळात मी कागदपत्रं गोळा केली. कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीला किमान एक एकर शेती लागते. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, वीजबिल आणि अन्न सुरक्षेची नोंदणी. ही शेवटची नोंदणी छोट्या स्वयंपाकघरासाठी वर्षाला १०० रुपयांत होते, तिला घाबरू नका. नोंदणीचं २,५०० रुपये शुल्क भरलं आणि पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र २०२१ मध्ये मिळालं. ते चौकटीत लावून आम्ही ओसरीवर टांगलं. मला वाटलं, आता सगळं झालं.

इथेच माझी चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाची होऊ नये असं मनापासून वाटतं. हुरड्याला येणारे लोक विचारायला लागले, "इथे साखरपुडा करता येईल का?" मी हो म्हटलं. बाजरी निघालेलं काळं रान मोकळं होतं, विहिरीजवळ होतं, शेजारी चिंचेची सावली होती. १ डिसेंबर २०२१ ला एक साखरपुडा ठरला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय पाऊस झाला ते आमच्या भागात कुणी विसरणार नाही. थंडी आणि पावसाने मेंढपाळांच्या मेंढ्या वाड्यावर जागच्या जागी मेल्या. आमच्याकडे दीडशे माणसं आणि पस्तीस गाड्या होत्या. दुपारपर्यंत भुरभुर होती, मग धार लागली. काळ्या मातीत गाडी एकदा बसली की चाक नुसतं जागेवर फिरतं आणि अजून खोल जातं. मंडप उतरवून पाहुण्यांना घरात, गोठ्यात, जिथे जागा होती तिथे बसवलं. शेजारच्या तात्यांचा ट्रॅक्टर आणि आमचा, असे दोन ट्रॅक्टर रात्री अकरापर्यंत गाड्या ओढत होते. होणाऱ्या नवरीने शालू पोटरीपर्यंत धरून चिखल तुडवला. त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आम्ही सगळे पैसे परत केले.

पण खरं नुकसान पुढच्या वर्षी दिसलं. ओल्या रानावरून पस्तीस गाड्या आणि दोन ट्रॅक्टर गेले होते. नांगरट केली तर त्या जागी फरशीसारखी ढेकळं निघाली. पुढची ज्वारी उगवली तेव्हा चाकांच्या ओळी वरून मोजता येतील अशा पिवळ्या पडल्या. आबांनी एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांनी दाबलं, ते फुटलं नाही. मग ते दगडावर आपटलं. आत मुळ्या आडव्या वळलेल्या होत्या, खाली शिरायला वाटच नव्हती. ते मला म्हणाले, "सूनबाई, ही माती नाय राहिली, वीट झाली. लग्नं लावायची तर लाव, पण माज्या काळ्या रानात नको."

मांडववाले सांगत होते, काळ्या रानावर मुरूम टाका, लॉन करा, वर्षभर चालेल. तालुक्यात तसं केलेली रानं मी पाहिली आहेत. ब्रासच्या ब्रास मुरूम टाकलेलं रान पुन्हा रान होत नाही. आणि आमच्याकडे तर देवाने आयताच मुरूम दिलेला होता, रस्त्याला लागून, दीड एकर. इतकी वर्षं आम्ही त्या तुकड्याला नाव ठेवत होतो.

मग कागदांचा दुसरा, लांबचा प्रवास सुरू झाला. पर्यटन केंद्राचं प्रमाणपत्र असलं तरी जागा नेहमीसाठी कार्याला भाड्याने द्यायची तर महसूल संहितेच्या कलम ४४ खाली अकृषिक परवानगी घ्या, असं आम्हाला वकिलांनी स्पष्ट सांगितलं. ती न घेता वापर सुरू केला तर कलम ४५ खाली दंड होतो, असंही ते म्हणाले. बरेच जण "बघू पुढे" म्हणून सुरू करतात. मी तसं करू नका असं सांगेन, कारण तक्रार होते ती नेमकी हळदीच्या दिवशी.

सातबारा सामाईक होता. आबा, चुलतसासरे आणि दोन आत्या. सगळ्यांची संमती लागणार होती. धाकट्या आत्यांनी लगेच सही दिली. मोठ्या आत्या नगर जिल्ह्यात असतात. मी आणि आई एसटीने गेलो, जेवलो, आणि कागद पुढे ठेवायला माझी जीभ रेटेना. आईंनीच विषय काढला. आत्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या बरडात मी शेरडं राखलीत. तिथं मांडव पडणार असंल तर पहिला माज्या नातीचा पडू दे." तो पडलाही पहिला त्यांच्याच नातीचा.

मोजणीसाठी अर्ज केला. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हाती आली तेव्हा आमचाच बांध तात्यांच्या रानात दीड हात सरकलेला निघाला. कधी सरकला, कुणी सरकवला, आबांनाही सांगता आलं नाही. आम्ही त्याच आठवड्यात खुणेप्रमाणे बांध मागे घेतला. गावात लोक म्हणाले, कशाला उकरून काढता? पण ज्या तात्यांच्या ट्रॅक्टरने आमची अब्रू राखली, त्यांचं दीड हात रान आम्ही खायचं? पुढे गाड्या वळायला त्यांच्या कडेची जागा लागणार होती, ती त्यांनी न मागता दिली.

मग ग्रामपंचायतीचा ठराव, रस्त्यापासूनच्या अंतराचा दाखला, आणखी दोन-तीन ना हरकत. एका कार्यालयात आमची फाइल चार महिने एकाच टेबलावर पडून होती. दर सोमवारी जायचं, पोचपावतीची झेरॉक्स दाखवायची, परत यायचं. पोचपावत्या जपा, एवढंच सांगते. सगळं धरून अकरा महिने लागले.

वीज वेगळी घ्यावी लागली. शेतीपंपाच्या जोडणीवर मांडवातले दिवे लावणं नियमात बसत नाही, आणि शेतीच्या फीडरला तेव्हा वीज असायची आठ तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. व्यावसायिक मीटर घेतलं, त्याचं बिल जड आहे. हिशोबाचंही तसंच. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून आम्ही निवांत होतो. सीएंनी सांगितलं की जागेचं भाडं हे शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ते दाखवावंच लागतं. पहिल्या दिवसापासून वही वेगळी ठेवा.

बांधकामात पैसे कमी पडले तेव्हा कमान आणि कारंजं रद्द केलं, पण स्वच्छतागृहं आणि नवरीची खोली केली. मी किती लग्नांत बघितलंय, नवरी कुणाच्या तरी धान्याच्या खोलीत, साठ वॉटच्या दिव्यात तयार होते आणि तान्ह्या बाळाची आई त्याला पाजायला गाडीत जाऊन बसते. आमच्या खोलीत मोठा आरसा, दोन्ही बाजूंनी उजेड, आतून कडी आणि लागूनच न्हाणी आहे. बोलणी करायला पुरुष येतात, जागा किती, गाड्या किती विचारतात. मुलीची आई ती खोली बघते आणि तिथेच ठरतं.

काही अटी आम्ही अनुभवाने घातल्या. रात्री दहाला आवाज बंद, तो कायदाच आहे, पण आम्ही साडेनऊलाच आठवण करतो. फटाके नाहीत, कारण जानेवारी-फेब्रुवारीत चहूकडे वाळलेली ज्वारी उभी असते आणि मार्चपासून कडब्याच्या गंजी. तिसऱ्या लग्नानंतर एक अट वाढली. वरमाला होताना चमकी कागद उडवतात ना, त्या दिवशी तो वाऱ्याने गोठ्यापर्यंत गेला. दोन दिवसांनी मी शेण काढत होते तर शेणात चंदेरी तुकडे चमकत होते. गाय वाचली, पण त्या दिवशी मी गव्हाणीतली वैरण मूठ-मूठ हाताने चाळली. आता चमकी कागद दिसला तर मी स्वतः मांडवात जाऊन थांबवते. त्याऐवजी अक्षतांसाठी घरची रंगवलेली ज्वारी आम्ही देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या आणि साळुंक्या मांडवाची जागा स्वच्छ करून जातात.

उष्ट्याचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. चारशे माणसांच्या पंगतीतून उरलेला भात एकदम गोबरगॅसमध्ये टाकला तर टाकी आंबते आणि गॅस येईनासा होतो. एकदा तसं झालं. आता थोडा-थोडा शेणात कालवून टाकतो, बाकी खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर. वाढपी मुलांना सांगून ठेवलंय, पहिल्या वाढीला भाताची मूद छोटी घाला.

वर्षाला आम्ही बारा-तेरा कार्यं घेतो. जास्त मागणी असते, तरी घेत नाही. पाण्याचा हिशोब आहे, आणि आमच्या माणसांचाही. मांडवात राबणाऱ्या बायका त्याच आहेत ज्या खुरपणीला येतात. सलग तीन दिवस लग्नात उभ्या राहिल्या तर चौथ्या दिवशी त्या कांद्यात वाकणार कशा? म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरावर आधी आबा लाल पेनाने पेरणी, पाणी, काढणी आणि हुरड्याचे दिवस लिहितात. उरलेल्या तारखांवर मी मुहूर्त बघते.

यंदा चौथा तुकडा १४ ऑक्टोबरला पेरला. जानेवारीचा तिसरा आठवडा आबांनी लाल करून ठेवला आहे. परवा त्याच आठवड्यातल्या मुहूर्तासाठी पुण्याहून एक जण दीडपट भाडं द्यायला तयार होते. मी त्यांना फेब्रुवारीतल्या दोन तारखा दिल्या. आणि जानेवारीत मुलीला घेऊन हुरडा खायला या, जागाही बघून होईल, असं सांगितलं. ते येतो म्हणाले आहेत, सोळा माणसं.