स्क्रीनवरचं सर्किट आणि टेबलावरचं सर्किट

विजेच्या धड्याला मी सुरुवातीलाच विचारते, "बल्बमधून पुढे गेल्यावर विद्युतधारा कमी होते का?" बहुतेक मुलं 'हो' म्हणतात. बल्ब पेटला म्हणजे त्याने थोडी धारा खाल्लीच असणार, असं त्यांना मनापासून वाटतं. नियम पाठ करून हा समज जात नाही. धारा दिसतच नाही, तर विश्वास तरी कसा बसणार?

इथे मला 'फेट'ची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे आभासी प्रयोग, फार मोलाची वाटतात. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातल्या सर्किटमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, बल्बच्या आधी ज्या वेगाने, त्याच वेगाने नंतरही. मुलं हे घरी बघून येतात. फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे फोन नाही ती शाळेतल्या संगणकावर करतात. मात्र स्वतःचा अंदाज वहीत आधी लिहायचा, यावर मी अडून बसते. उत्तर दिसल्यावर 'मला माहीतच होतं' असं कोणालाही वाटतं.

त्यामुळे वर्गातला वेळ फळ्यावर न जाता टेबलावरच्या प्रयोगाला मिळतो. आणि खरी गंमत तिथेच आहे! स्क्रीनवर मुलांनी वापरलेल्या सेलचं व्होल्टेज बल्ब जोडला तरी जराही ढळत नाही. टेबलावरच्या सेलला बल्ब जोडला की व्होल्टमीटरचा काटा थोडा खाली येतो. "बाई, मीटर बिघडलाय." नाही बाळांनो, सेलच्या आतही रोध असतो. मग सैल क्लिप, उलटा जोडलेला ॲमीटर, आलेखावर रेषेपासून जरा बाजूला पडलेले बिंदू, या सगळ्यावर भांडण होतं. मला ते भांडण हवंच असतं.

म्हणूनच 'सिम्युलेशन झालं, आता प्रयोग कशाला' हे मला अजिबात पटत नाही. डोळ्यांना न दिसणारं स्क्रीनने दाखवावं, पण हाताने मोजता येतं ते हातानेच मोजावं.

क्रमही दरवेळी तोच नसतो. लोलकाला मी आधी दोरा आणि वजनच देते. एक मीटर लांबीच्या लोलकाचं एक आंदोलन साधारण २ सेकंदांचं, हे स्टॉपवॉचवर स्वतः मोजून झालं की मग स्क्रीनवर चंद्राचं गुरुत्व लावायचं. तिथे तोच लोलक जवळजवळ ५ सेकंद घेतो, आणि का, ते मुलंच मला सांगतात.