एमिली डिकिन्सनचं अक्षर लावताना (माझा अनुभव)

एमएच्या प्रोजेक्टला एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन घेतली कारण कविता छोट्या, पटकन उरकेल असं वाटलेलं. गाईड मॅडम म्हणाल्या छापील पुस्तक बाजूला ठेव, आधी तिच्या हातचं बघ आणि तू स्वतः उतरवून काढ. झालं, महिने गेले त्यात.

हस्तलिखितं मुख्यतः दोन ठिकाणी आहेत, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाची हॉटन लायब्ररी आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेज. ही वाटणी का, तर भांडण, आणि तेही जमिनीच्या तुकड्यावरून! १८८६ ला एमिली गेल्यावर तिची बहीण लव्हिनियाला कवितांचे गठ्ठे सापडले, ते छापायला घरच्या ओळखीतल्या मेबल टॉडने मदत केली, पुढे दोघींची जमिनीवरून कोर्टकचेरी झाली, १८९८ ला लव्हिनिया जिंकली आणि टॉडबाईंनी आपल्याकडचे कागद पेटीत टाकून कुलूप लावलं. पुढे ते कागद अ‍ॅमहर्स्टला गेले आणि डिकिन्सन घराकडचे हार्वर्डला. आपल्याकडचीच गोष्ट वाटते ना.

सुदैवाने २०१३ पासून कवितांच्या पानांचे फोटो ऑनलाइन फुकट बघता येतात. शोधताना पहिली ओळच टाका, नंबरच्या नादी लागू नका. तिच्या कवितांना जॉन्सन आणि फ्रँकलिन या दोन संपादकांनी वेगवेगळे नंबर दिलेत; मृत्यू बग्गी घेऊन येतो ती प्रसिद्ध कविता जॉन्सनच्या यादीत ७१२ आणि फ्रँकलिनच्या यादीत ४७९, आणि जुने लेख वाचताना कोण कुठला नंबर वापरतंय हे कळेपर्यंत डोकं उठतं.

फोटोशेजारी छापील पाठ असतो तो मी झाकून ठेवायचे. नाहीतर डोळे जे छापलंय तेच कागदावर बघतात. साधारण १८५८ ते १८६४ मधल्या वह्यांचं अक्षर त्यातल्या त्यात बरं. वह्या म्हणजे काय, घडीचे कागद एकावर एक ठेवून कडेला दोन भोकं पाडून दोऱ्याने बांधलेले, अशा ४०. खरा त्रास कॅपिटलचा. एस, सी, डब्ल्यू ही अक्षरं लहान आणि मोठी एकाच वळणाची, फरक फक्त आकारात, आणि आकारही धड ठरलेला नाही. डॅश तर कुठे टिंबाएवढा, कुठे वर चढलेला, कुठे खाली घसरलेला. कागद अरुंद असल्याने ओळ तुटते, मग ती तिने मुद्दाम तोडली की जागा संपली म्हणून खाली आली? मी कागदावर जशी तुटते तशीच उतरवली आणि शंका असेल तिथे चौकटी कंस टाकला. मध्येच एखाद्या शब्दावर अधिकची खूण असते आणि पानाच्या तळाशी त्याचे पर्यायी शब्द, आणि तिने कुठलाच खोडलेला नाही! संपादक त्यातला एक निवडतात, बाकीचे तळटीपेत जातात.

बग्गीवाली कविता १८९० च्या पहिल्या पुस्तकाशी ताडून बघितली तेव्हा मात्र मी चाटच पडले. हस्तलिखितात सहा कडवी, पुस्तकात पाच. सूर्यच आम्हाला ओलांडून गेला, दव पडलं, अंगावर तलम गाऊन म्हणून थंडी वाजतेय, हे चौथं कडवं सरळ गायब (माझं सगळ्यात आवडतं तेच). वर द चॅरियट असं शीर्षक टॉड आणि हिगिन्सन या संपादकांनी लावलेलं, तिचं नाहीच. मधल्या सुट्टीत रिंगणात झटणारी पोरं पुस्तकात अभ्यास उरकून नुसती खेळताहेत. तिने ग्राउंडशी ग्राउंडच जुळवलं होतं, यांनी यमक सुधारायला तिथे माउंड घातलं. हेतू वाईट नव्हता, लोकांनी वाचावं म्हणूनच केलं असणार, पण कडवं उडवणं मला नाही पटत.

शेवटच्या काळातले कागद मी नंतर घेतले, तुम्हीही नंतरच घ्या. पेन्सिलीने पाकिटांच्या मागे, फाटक्या कपट्यांवर लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं, दोन-तीन शब्दांत ओळ संपते, आणि पाकीट उघडून सपाट केलेलं असल्याने मजकूर कुठून कुठे वाचायचा तेही आपणच ठरवायचं. तिथे नुसतं टाइप करून भागेना म्हणून मी पाकिटाचा आकार काढून त्यात जिथल्या तिथे शब्द बसवले. मॅडमना तीच पानं आवडली, व्हायवाला प्रश्नही त्यावरच आले.