तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या लहान पोरांना तंबूत झोपवताना भीती नाही वाटत?

वाटते. हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, सासरकडच्या लग्नात, कुठेही गाठतो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा बिबट्या असतो. आम्ही थंडीत भंडारदऱ्याच्या बाजूला, रतनवाडीकडे जातो. मोठी सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. त्या भागात बिबट्या आहेच, नाही कशाला म्हणू? म्हणून अंधार पडला की शू करायलासुद्धा एकटं जायचं नाही. सोबत मोठं माणूस आणि टॉर्च. एवढं पाळलं की मी त्याचा विचार करत बसत नाही.

माझी खरी धास्ती मण्यारीची. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा चावल्याचं कळतच नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. त्यामुळे तंबूची चेन हा आमच्याकडे कडक मामला आहे. मिनिटभर बाहेर गेलात तरी चेन शेवटच्या टोकापर्यंत ओढायची. चपला आत घ्यायच्या, सकाळी झटकून घालायच्या. खाऊचा डबा तंबूत अजिबात नाही, कारण खाऊच्या वासाला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार, नाग, घोणस, फुरसं, या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. निघण्याआधी मी जवळच्या रुग्णालयात फोन करून लस आहे ना, ते विचारते. नवरा हसतो. हसू दे. 108 नंबर पोरीला पाठ आहे, पण डोंगरात रेंजचा भरवसा नाही, म्हणून रात्री गावात कुणाची गाडी असते तेही विचारून ठेवते.

त्याखालोखाल पाणी. प्रवरेवरचं विल्सन धरण, म्हणजे भंडारदऱ्याचंच धरण, 1926 साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्याच्या काठाला आता रांगेने तंबू लागतात. फोटोत ते फार देखणे दिसतात. पण धरणाचा काठ म्हणजे गाळ. पाय कुठे रुतेल, खोल कुठे सुरू होईल, वरून कळत नाही. आणि साडेतीन वर्षांच्या पोराला तंबूची चेन आतून उघडता येते, हे फोटो काढणाऱ्याच्या गावी नसतं.

म्हणून आमचा तंबू गावातल्या एका ओळखीच्या घराच्या अंगणात लागतो. माझे ट्रेकवाले मित्र याला कॅम्पिंग मानायला तयार नाहीत. नका मानू. माझं मत पक्कं आहे: पोरं लहान असताना हाकेच्या अंतरावर भिंतींचं घर हवंच. धाकट्याने रात्री दोनला भोकाड पसरलं, तर त्याला उचलून आत नेऊन निजवता येतं, आणि तसं करता येतं हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो सहसा रडत नाही. घरच्या मावशी मात्र दर वेळी म्हणतात, "ताई, लेकरांना गारठ्यात कशाला निजवता? घर हाय की." मग स्वतःच भाताचा पेंढा आणून तंबूखाली जाड थर अंथरून देतात. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते. महागड्या मॅटपेक्षा मला त्या पेंढ्याची खात्री आहे. शेगडीतले निखारे ऊब म्हणून तंबूत न्यायचे नाहीत, कधीच नाही. बंद जागेत विषारी वायू साचतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर पहाटे श्वासाचं पाणी कापडावरून टपकतं.

तारीख ठरवताना आकाशदर्शनवाले अमावास्या बघतात, मी पौर्णिमेजवळचा शनिवार. तारे कमी दिसतात, कबूल. पण व्याध आणि मृग चांदण्यातही ओळखता येतात, आणि अपरात्री डोळे उघडले तर पोराला आई दिसते. काजव्यांसाठी मे-जूनमध्ये या, असं सगळे सांगतात. आम्ही थांबलोय. त्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, हेडलाइटांनी बिचाऱ्या काजव्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, आणि बघायला जागायचं ते मुलांच्या झोपेच्या वेळेला.

जेवण मावशींकडचं. नागलीची भाकरी मोठी खाते, धाकटा फक्त वरण-भात. घरून काही शिजवून नेत नाही.

आणि या सगळ्याहून जास्त भीती मला रस्त्याची वाटते, पण ती कुणी विचारत नाही. ठाण्याहून कसारा घाट, मग घोटीला वळून भंडारदरा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थकलेल्या माणसाने हा घाट रात्री चढवायचा नाही. आम्ही शनिवारी उजाडताच निघतो, दुपारी तीनच्या आत तंबू उभा असतो, आणि रविवारी नाश्ता झाला की परत. रतनगड, सांदण दरी, रंधा धबधबा, यातलं काहीच त्या दोन दिवसांत बघत नाही.