सदर ते सेमिनरी हिल्स, पायी

लेंटमधल्या (ईस्टरआधीचा उपवासकाळ) शुक्रवारी आमची पायी क्रूसाची वाट असते, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाचे चौदा टप्पे आठवत चालणं, मोहननगरच्या कॅथेड्रलपासून सदर, छावणी करत सेमिनरी हिल्स, मधे थांबत थांबत चौदा प्रार्थना. अंतर तसं काहीच नाही, पंढरपूरला जाणारे हसतील, पण नागपूरचा मार्च आहे बाप्पा, सकाळी साडेसातलाच दुपट्टा बांधावा लागते.

यावेळी ठरलं होतं की पाकीट नाही, मोबाईल नाही, फक्त पाण्याची बाटली. बायबलच्या मार्क ६ मध्ये येशू शिष्यांना पाठवताना सांगतो ना, वाटेसाठी काठीशिवाय काही घेऊ नका, भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नको (लूकमध्ये तर काठी पण नको). पाकीट घरी ठेवलं तरी पैसा तोंडातून जात नाही, सदरच्या उड्डाणपुलाजवळ मागचे दोघं बेसाच्या प्लॉटचे रेट सांगून राहिले होते आणि अर्ध्या लाईनचे कान तिकडेच. पुढच्या थांब्यावर फादरनी नेमका लूक १२ चा तो शेतकरी वाचला, पीक मस्त झालं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधतो म्हणते आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जाते. प्लॉटवाले एकदम गप.

माझ्या बाजूला एक मावशी होत्या, चार घरी पोळ्या करतात. त्यांच्या जपमाळेचा एक मणी पडला, तिथे पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारलेली, बोट गाठीवर आलं की तितक्याच आरामात "नमो मरिये" म्हणून पुढे. म्हटलं मावशी, नवीन आणून देतो. तर म्हणे, "काऊन गा, हिला काय झालं? गाठीवरही तेवढंच म्हणतो ना आपण."

आता मावशी गरीब म्हणून सुखी, असलं काही मला लिहायचं नाही, सिलेंडरचे भाव सगळ्यात जास्त त्याच बोलल्या. विधवेच्या दोन टोल्यांवर (गरीब विधवा दानपेटीत जवळची होती तेवढी दोन छोटी नाणी टाकते, ती गोष्ट) प्रवचन ऐकलं की मला हेच खटकतं. मार्क १२ मध्ये त्याच्या जस्ट आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर भडकलेला आहे, ते कोणी वाचतच नाही, डायरेक्ट दानपेटी पुढे. सोडायचं तर ज्याच्याकडे आहे त्याने आधी सोडावं. आपले कवी ना. वा. टिळक बघा, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी माणसाने नवा करार हातात दिला, १८९५ ला बाप्तिस्मा, सगेसोयरे तुटले, बायको काही वर्षं दूर राहिली, आणि १९१७ ला मिशनची नोकरी पण सोडून संन्यास. त्यांचं एक भजन चढावर म्हटलं आम्ही, दम लागल्याने सूर कुठल्या कुठे.

वर पोचलो, प्रार्थना झाली, परत जायला ऑटो पाहिजे तर पैसे कोणाकडेच नाही. मावशींनी प्रार्थनेच्या पुस्तकातून घडी केलेली शंभराची नोट काढली. "मार्क मीही ऐकला, पण अकराला पोळ्यांना कोण जाईल?" प्लॉटवाल्या भाऊंसकट त्याच ऑटोत दाटीवाटीने बसलो.