सँडी सोंपलो म्हणे

मे महिन्यातली गोष्ट. दुकानात काजूच्या बिया तोलत होतो आणि बोटीवरून भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, सँडी सोंपलो. बरोवन दवर." म्हणजे सँडी संपला, लिहून ठेव.

सँडी म्हणजे सँडी अल्कांतारा, मायामी मार्लिन्स या बेसबॉल संघाचा पिचर, चेंडू टाकणारा. आमच्या गोव्यातल्या साखळीच्या बाजारात हे नाव घेतलं तर लोक विचारतील, कुठल्या वाड्यावरचा हा पात्रांव? पण मी अकरा वर्षं मायामीहून सुटणाऱ्या क्रूझ बोटीवर स्टोअरकीपर होतो आणि आता भाचा त्याच लाइनीला लागलाय. क्रूच्या मेसमधल्या टीव्हीवर बेसबॉलशिवाय दुसरं काही लागायचंच नाही. बंदरापासून स्टेडियम तसं जवळच, पण मी आत एकदाही गेलो नाही. बोट मायामीला लागायची तोच माल चढवायचा दिवस. प्रवाशांना मायामी, आम्हाला बटाट्यांची पॅलेटं.

आता घरी मॅच पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होते. पोदेराचा भोंपू वाजेपर्यंत मॅचच्या नऊपैकी पाचेक इनिंग उरकलेल्या असतात. बायको पाव घ्यायला उठते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघूनच तिला स्कोअर कळतो. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिने विचारणंच सोडून दिलं होतं.

झालं होतं असं. २०२२ साली सँडीने २२८ इनिंग टाकल्या, ईआरए २.२८, वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड एकमताने. (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर सरासरी किती रन पडले तो आकडा म्हणजे ईआरए. जितका लहान तितका बरा.) २०२३ मध्ये तो ४.१४ वर गेला, मग कोपराचं लिगामेंट गेलं, ऑक्टोबरात ऑपरेशन झालं आणि २०२४ अख्खं घरी. २०२५ च्या मोसमात पहिल्या दिवसापासून परत उभा राहिला आणि जुलैच्या मध्यातल्या ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत ईआरए ७.२२. मागे ज्याच्या नावाने फलंदाज धास्तावायचे, त्याच्यावर आता धावांचा पाऊस.

जुन्या बोटवाल्यांच्या आमच्या ग्रुपवर मग निदानं सुरू झाली. एक म्हणाला, ऑपरेशननंतर हातातला जोर गेला. दुसरा म्हणाला, २०२३ पासून शिफ्ट बंद केली तिथेच सँडी मेला. भाचा म्हणाला, सँडीला दुसऱ्या संघाला विकणार-विकणार म्हणून रोज पेपरात येतं, डोकं ठिकाणावर राहील कसं?

मला निदानांचा राग नाही, पण घाईचा आहे. माझ्या वडिलांच्या काळात याच दुकानात कांदा पोत्यामागे कमी भरायचा आणि नाव यायचं कामाच्या पोरावर. एका पावसाळ्यात मी एक पोतं शिवून, खूण करून बाजूला ठेवलं आणि दर आठवड्याला तोललं. कोणी हात न लावता ते हलकं होत गेलं. कांदा सुकतो, घट येते. वडील पोराला काही बोलले नाहीत, पण पुढच्या पगारात दहा रुपये जास्त घातले. तेव्हापासून चोर शोधण्याआधी घट मोजायची ही माझी सवय.

तर हातातला जोर. हे सगळ्यात सोपं, कारण २००८ पासून मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर प्रत्येक चेंडूचा वेग मोजला जातो आणि आकडे कोणालाही बघता येतात. सँडीचा फास्टबॉल २०२२ मध्ये ताशी ९८ मैलांच्या आसपास, २०२५ मध्ये ९७ च्या आसपास. एका मैलाने साय यंगवाला सात रनांवर येत नाही. पुढे चला.

शिफ्टचं प्रकरण जास्त मजेदार. पूर्वी फलंदाज ज्या बाजूला मारतो त्या बाजूला तीन-तीन इनफिल्डर (जवळचे फिल्डर) उभे करायचे, तीच शिफ्ट. २०२३ पासून नियम आला, मधल्या, म्हणजे दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच. सँडी जमिनीलगत फटके मारायला लावणारा पिचर, म्हणून त्यालाच जास्त चटका बसला, असं म्हणणं. ऐकायला पटतं. पण बघा, होमरन (कुंपणाबाहेरचे फटके) सोडून जे फटके मैदानात येतात, त्यांतले हजारात किती हिट होतात, म्हणजे फलंदाज आउट न होता बेसवर पोचतो? अख्ख्या लीगमध्ये २०२२ ला २९०, २०२३ ला २९७. म्हणजे हजारी सात वाढले. सँडीच्या २०२३ मध्ये असे फटके पाचशे-साडेपाचशे. हजारी सातच्या हिशेबाने मोसमभरात चारेक हिट. त्याला इतरांच्या दुप्पट चटका बसला असं धरलं तरी आठ. मोसमभरात आठ हिट वाढले म्हणून कोणी बुडत नाही.

मग उरलं काय? इथे व्होरोस मॅक्रॅकन आठवतो. २००१ च्या जानेवारीत या माणसाने मांडलं, की फटका एकदा मैदानात गेला की त्याचा हिट होणार की आउट, यात पिचरचा हात लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), वॉक (चार वाईट चेंडूंवर फलंदाजाला फुकट बेस), होमरन हे पिचरचे स्वतःचे. बाकी फिल्डर, मैदान आणि नशीब. तेव्हा लोक त्याला हसले. नंतर बारकावे निघाले, काही पिचर थोडाफार फरक पाडतात हेही दिसलं, पण मूळ गोष्ट टिकली. पेद्रो मार्तिनेझसारखा पिचर घ्या. १९९९ मध्ये त्याच्याविरुद्ध मैदानातल्या हजार फटक्यांमागे सव्वातीनशेच्या आसपास हिट, पुढच्याच वर्षी २३७ च्या आसपास. पेद्रो दोन्ही वर्षी पेद्रोच होता.

हे भाच्याला तोंडी सांगून उपयोग नव्हता. म्हणून रविवारी दुपारी समोरच्याच ढिगातून शंभर बिया मोजून घेतल्या, तीस बियांना चुन्याचा ठिपका लावला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. ठिपका म्हणजे हिट. मुलीला बसवलं. डोळे मिटून एक बी काढायची, लिहायची, परत टाकायची, डबा हलवायचा. वीस वेळा काढली की सँडीची एक मॅच. आम्ही दहा मॅच खेळलो. हाताला बियांचं तेल लागून मुलीची बोटं चुरचुरायला लागली म्हणून थांबलो, नाहीतर मोसम पुरा केला असता.

आले ते आकडे असे: ६, ५, ९, ४, ७, ६, २, ८, ६, ५.

नऊ आले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आज याचं काहीतरी बिनसलंय." दोन आले त्या मॅचला म्हणाली, "आता लय सापडली." आतून चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, डबा उजव्या हाताने हलवला की चांगलं येतंय. दहा मॅचमध्ये पत्र्याच्या डब्याला मन आलं, लय आली, आवडता हात आला! रीतसर गणित केलं तर वीसात नऊ किंवा जास्त हिट शंभरातल्या अकरा वेळा येतात. मोसमात तीसेक सामने खेळणाऱ्या पिचरला अशा तीन-चार संध्याकाळी काही न बिघडता येणारच. त्यातल्या दोन लागोपाठ आल्या की ग्रुपवर निदानं सुरू.

इथवर मी खूश होतो. सँडी माझा, दोष नशिबाचा, भाच्याचं तोंड बंद. पण डबा फक्त हिटांचं सांगतो. वॉकना ठिपका नव्हता. वॉक पिचर स्वतः देतो, त्यात फिल्डरचा काही संबंध नाही. म्हणून तेही काढून बघितले, आणि तिथे तोंड कडू झालं. २०२२ मध्ये २२८ इनिंगमध्ये ५० वॉक, नऊ इनिंगला दोन. २०२५ चा पुरा मोसम धरला तर १७४ इनिंगमध्ये ५७, नऊ इनिंगला जवळजवळ तीन. स्ट्राइकआउटही घटलेले, आठवरून सव्वासातवर. वेग जवळपास तोच, पण चेंडू हवा तिथे पडत नव्हता. दीड वर्ष बॉल न टाकलेल्या हाताची ही घट मला खरी वाटते. सातांतले सगळे रन त्याने भरून निघत नाहीत, पण तेवढ्यासाठी नशिबाला पुढे करता येत नाही. ग्रुपवरची निदानं चुकली होती, रुग्ण मात्र खरंच आजारी होता. हे मी भाच्याला कबूल केलं. मजकूर टाइप करायला वेळ लागला, एवढंच.

राहिली विकण्याची बातमी. तिचा जोर सगळ्यात जास्त जुलैत, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत. सँडी मार्लिन्समध्येच राहिला. ऑल-स्टारच्या सुट्टीनंतर त्याचा ईआरए सव्वातीनच्या आसपास आणि मोसमअखेर एकूण ५.३६. भाचा लगेच उड्या मारायला लागला, बघा मामा, डोक्यावरचं ओझं उतरलं आणि पोरगा सुटला. आता सात रनांवर असलेला कुठलाही बरा पिचर तिथून खालीच येणार, जाणार कुठे? विकला गेला असता तरी आला असता, न विकता आला तोही असाच. ओझ्याची गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही, फक्त तिच्यावाचूनही हिशेब जुळतो.

सप्टेंबरअखेर हे सगळं त्याला लिहून पाठवलं, सोबत ठिपक्यांच्या बियांच्या डब्याचा फोटो. त्या बिया मी विकल्या नाहीत, डबा वजनकाट्यामागे ठेवलाय. दोन दिवस निळी टिक नव्हती, बोट समुद्रात असणार. तिसऱ्या दिवशी पहाटे, पोदेर यायच्या सुमारास, उत्तर आलं.

"मामा, बियांक औंदा दर कितलो मेळ्ळो?"