स्टॅट्स कुठलं घ्यायचं?

"आई, स्टॅट्स ठरत नाहीये," लेक म्हणाली. भाजी कुठली करायची ते ठरत नाही, तशा सुरात.

ती न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रीमेड. इथे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, मधे एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग पुन्हा चार वर्षं. मी नाशकात अकरावीला बायो घेतलं आणि गणित सोडलं, त्या दिवशी घरी पेढे आणायचेच काय ते बाकी होते. आणि इथे डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीला संख्याशास्त्र, म्हणजे हे स्टॅट्स, शिकायचंय. शिवाय एमकॅटमध्ये आलेख वाचा, आकडे सोडवा, आणि कॅल्क्युलेटर चालत नाही!

पर्याय तीन. सायकॉलॉजीवाल्यांचं सोपं, असं सगळे म्हणतात. स्टॅटिस्टिक्स विभागाचं कोरडं, असंही सगळेच म्हणतात. तिसरं बायोस्टॅट, म्हणजे जीवशास्त्र-वैद्यकासाठीचं संख्याशास्त्र, त्यात 'आर' नावाची संगणकाची भाषा शिकावी लागते, आणि वर्ग सकाळी आठला. तिनं एक्सेलमध्ये तक्ता केला होता: 'ए' मिळण्याची शक्यता, प्राध्यापक, वेळ. शक्यता कुठून आली? चार सीनियर्सना विचारून.

"चारच?" मी म्हटलं. "आणि अर्ध्यातून कोर्स सोडला त्यांना विचारलंस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. (गणित सोडलेल्या बाईनं असं बोलावं!)

मग तिनं सूड उगवला. बायोस्टॅटच्या पहिल्या धड्यातलं कोडं घातलं. हजारात एकाला असणारा आजार. चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरात पाच जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. आता एकाची पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती?

"पंच्याण्णव टक्के," मी ठणकावलं.

"दोन." हजारात खरा आजारी एक, उगाच पॉझिटिव्ह आलेले पन्नासेक. एक्कावन्नात एक. 1978 साली हार्वर्डच्या रुग्णालयांत हेच 60 डॉक्टर-विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा बरोबर उत्तर 11 जणांनीच दिलं म्हणे. सर्वांत जास्त जणांचं उत्तर माझंच होतं. तेवढंच समाधान.

मी पोळी उलटायची विसरले. गेल्या वर्षी मॅमोग्राफीनंतर (स्तनांचा एक्स-रे) मला आणखी तपासणीसाठी परत बोलावलं होतं. इथे शंभरात दहाएक जणींना बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीच नसतं, हे मला कोणी सांगितलं नाही. फोनवरच्या बाईनं फक्त तारीख दिली. आठ दिवस मी देवघरात आणि गूगलवर आळीपाळीनं होते. निघालं काहीच नाही.

"हेच घे," मी म्हटलं. "आठचं असलं तरी. उठवीन मी."

"आई, भरलाय तो. वेटलिस्टवर सहावी आहे."

"मग मिळायची शक्यता किती?"

"सीनियर्सना विचारते," ती म्हणाली.