खिळ्यावर टांगलेलं पातं

यंदाही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं झालं नाही. तिकडे अमळनेर तालुक्यात आमच्या गावी निंबाला झोके बांधले गेले आणि इकडे ओहायोत मी गॅरेजमध्ये मोव्हरचं, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं पातं काढत बसले होते. एप्रिल सरला की इथलं गवत पिसाळल्यासारखं वाढतं. वाढू दिलं तर नगरपालिकेची नोटीस येते, म्हणून दर शनिवारी कापायचं.

मागच्या खेपेला कापून दोन दिवस झाले आणि सगळं अंगण वरून पांढुरकं दिसायला लागलं. वाकून एक काडी पाहिली. कापलेली नव्हतीच, ओरबाडलेली होती, जुन्या केरसुणीसारखे धागे निघालेले. पातं बोथट झालं की असंच होतं.

आधी स्पार्क प्लगची वायर काढली. हा आळस कुणी करू नका. पातं हाताने फिरवताना इंजिनाने झटका दिला तर बोटं जातात. मोव्हर कलंडवताना एअर फिल्टर वरच्या अंगाला ठेवला, नाहीतर ऑइल त्यात उतरतं. पात्याच्या खालच्या बाजूला मार्करने फुली मारली, कारण ते उलटं बसलं तर धार असून नसल्यासारखी.

मग बेल्ट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासायचं यंत्र. ८० नंबरचा पट्टा लावला. कंपनीने दिलेला उतार, साधारण ३० अंशांचा, तोच धरून फक्त वरच्या बाजूने घासायचं. पट्टा धारेकडून मागे पळाला पाहिजे. समोरून धारेवर आला तर पट्टा फाटतो, पातं हातातून उडतं. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं.

तेवढ्यात माहेराहून आप्पांचा व्हिडिओ कॉल. "काय करी राह्यनी व माय?" फोन टेकवून त्यांना दाखवायच्या नादात एकाच जागी जास्त वेळ घासलं आणि टोक निळं पडलं.

"पानी उतरी गयं," आप्पा तिकडून म्हणाले.

दरवर्षी पेरणीआधी वखराच्या पासा, म्हणजे पाती, पाजवायला लोहाराच्या भात्यापाशी बसलेला माणूस. पोलादाचा रंग त्यांना फोनवरही कळतो. निळं पडलेलं पोलाद मऊ होतं, तिथे धार टिकत नाही. तेवढा भाग घासून काढला, तर ते टोक हलकं झालं.

विळ्याला हे चालतं, हात सांभाळून घेतो. पण २१ इंचांचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतं, तेव्हा त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरने पळत असतं. एका टोकाला फक्त ५ ग्रॅम जास्त असेल, तर ते मधल्या दांड्याला सुमारे १२ किलोच्या जोराने ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला ५० वेळा गोल फिरते. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. एकच बाजू मन लावून घासली होती. अर्धा तास मोव्हर ढकलल्यावर हात इतके बधिर झाले की चहाचा कप धरवेना.

आता भिंतीत एक खिळा ठोकून ठेवलाय. मधल्या भोकातून पातं त्यावर आडवं टांगलं. डावं टोक हळूच खाली गेलं. "तागडी!" आप्पा खूश. जड टोक घासायचं, पण धार न खाता, मागच्या कडेने. तीनदा घासलं, तीनदा टांगलं. चौथ्यांदा पातं आडवं राहिलं. खिळाच फसवत नाही ना, म्हणून पातं पालटून पुन्हा टांगलं. तसंच राहिलं.

आप्पांनी अंगठा फिरवून धार बघायला लावली. मी म्हटलं, लोणी कापायच्या सुरीइतकी पुरे. वस्तऱ्यासारखी केली तर पहिल्या खड्यालाच दुमडेल. त्यांना ते पटलं नाही. बोथट अवजार घेऊन शेतात जाणं त्यांच्या लेखी आळशीपणाच.

पातं बसवलं, बोल्ट करकचून आवळला आणि फोन कुंपणावर ठेवून दोन पट्टे कापून दाखवले. आवाज एकसारखा, हातातला दांडा शांत. आप्पांचं लक्ष मात्र मागच्या पिशवीत साठणाऱ्या हिरव्यागार गवताकडे.

"हाऊ चारा कोन खास?"

कुणीच नाही, पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याकडेला ठेवतो, हे त्यांना कसं सांगायचं? मी झोके किती बांधले ते विचारलं.